अर्ध्या वाटेवर थांबवण्याची विद्या
(नभोवाणीवरील भाषण)



मराठी मुलखात पुसेगाव नावाची निदान दोन गावे आहेत. एक सातारा जिल्ह्यातले. सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे ते सर्वांच्या परिचयाचे. दुसरे हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. संत नामदेवांचे नरसी ज्या जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातले हे साधे शेतकऱ्यांचे गाव. माझे एक स्नेही या दुसऱ्या पुसेगावचे. त्यांना मी एकदा पत्र टाकले आणि पत्त्यावर जिल्हा लिहावयास विसरलो. पत्र साताऱ्याच्या बाजूस फिरून, अंगभर शिक्के घेऊन, यथावकाश माझ्याच दारी परत आले. चूक सर्वस्वी माझी होती. परंतु त्या पत्रामुळे आज आपल्याशी जो विषय बोलावयाचा आहे त्याचे दार उघडले, म्हणून त्याचा मला विषाद वाटत नाही.

रसायनशास्त्रातही असे अपुरे पत्ते असतात. 'चार कर्ब आणि सहा उज्ज' एवढेच कोणी सांगितले तर पदार्थ कोणता, हे जाणत्यालाही सांगता यावयाचे नाही. कर्ब म्हणजे कार्बन आणि उज्ज म्हणजे हायड्रोजन. जुन्या मराठी पुस्तकांतले हे शब्द मला तोंडात बसलेले आहेत, तेवढे आपण चालवून घ्यावे. तेच अणू, तितकेच अणू, पण त्यांची मांडणी निराळी, अशा पदार्थांना समघटक म्हणतात. 'दान' आणि 'नाद' या दोन शब्दांत अक्षरे सारखीच आहेत. पण अर्थ एक नाही, तसेच हे.

हातात खडू नाही, समोर फळा नाही. तेव्हा आपल्या हातावरच भागवू. डावा हात पुढे धरा, अंगठा मिटून घ्या आणि बाकीची चार बोटे पसरा. ही चार बोटे म्हणजे चार कर्ब. त्यांच्यामधल्या तीन फटी म्हणजे त्यांना जोडणारे तीन बंध. साधा बंध एकेरी असतो. पण कित्येकदा दोन कर्ब एकमेकांना दुहेरी किंवा तिहेरी धरतात. ज्या पदार्थात असा एक त्रिबंध असतो त्याला अल्काइन म्हणतात. आता हा त्रिबंध कोणत्या फटीत ठेवाल? तर्जनी आणि मधले बोट यांच्यामध्ये ठेवला तर झाला पहिला ब्युटाइन. करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये ठेवला तर? हात उलटा करून पाहा, तो पहिलाच आहे. परंतु मधल्या फटीत ठेवला तर मात्र पदार्थ खरोखरच निराळा झाला. तो दुसरा ब्युटाइन. दोहोंत चार कर्ब, सहा उज्ज. पण पहिला ८ अंश सेल्सिअसवरच उकळतो, म्हणजे पुण्याच्या थंडीतही तो बहुधा वायूच राहील. दुसरा २७ अंशांवर उकळतो. पहिला अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात सोडला तर पांढरा साका बसतो, दुसऱ्याने बसत नाही; कारण त्रिबंध टोकाला असला तरच त्या टोकाचा उज्ज चांदीला आपली जागा देतो. (हा साका वाळला की स्फोट पावतो, तेव्हा तरुण श्रोत्यांनी हा प्रयोग घरी करण्याच्या भरीस पडू नये.)

अल्काइन म्हणजे काही दूर देशीचा दुर्मिळ पदार्थ आहे असे मात्र समजू नका. त्या पत्राचा खुलासा करण्याच्या निमित्ताने मी पुसेगावास गेलो होतो. तेथे रस्त्याच्या कडेला एका दुकानात नांगराचा मोडलेला फाळ सांधण्याचे काम चालले होते. एका पिंपात कार्बाईडचे खडे, त्यांवर पाणी, आणि निघणारा वायू नळीतून ज्योतीकडे. तो वायू म्हणजे ॲसिटिलीन. दोन कर्ब, दोन उज्ज आणि मध्ये त्रिबंध. अल्काइनांच्या घराण्यातला हा सर्वांत धाकटा. प्राणवायूबरोबर जळताना त्याच्या ज्योतीचे तापमान तीन हजार अंशांच्याही वर जाते. पिंपाभोवती जो लसणीसारखा उग्र दर्प येतो तो मात्र बिचाऱ्या ॲसिटिलीनचा नव्हे. कार्बाईडमधील अशुद्धीपासून निघणाऱ्या फॉस्फिनचा तो प्रताप आहे.

आता मुख्य विषयाकडे येऊ. त्रिबंध म्हणजे भुकेलेली जागा. तेथे उज्ज वायू भरता येतो. निकेल, प्लॅटिनम, पॅलेडियम अशा धातूची बारीक पूड मध्ये घातली की ही क्रिया सुलभ होते, आणि धातू स्वतः खर्ची पडत नाही. लग्न जुळवून देणारा मध्यस्थ जसा पुढच्या लग्नाला मोकळा असतो, तसा हा उत्प्रेरक. या क्रियेला हायड्रोजनीकरण म्हणतात. आपल्या पहिल्या ब्युटाइनमध्ये उज्जाचे चार अणू भरा, ब्युटेन मिळेल. दुसऱ्यात भरा, तोच ब्युटेन मिळेल. ज्या फटीवरून एवढा भेद होता ती फट आता इतरांसारखीच एकेरी झाली, आणि कोण कोठून आला हे पदार्थाकडे पाहून ओळखण्याची सोय उरली नाही. सहा कर्बांचे अल्काइन सात प्रकारांचे होतात. पोटभर उज्ज दिल्यावर त्यांचे चारच अल्केन उरतात.

तरीही हिशेब सर्वस्वी पुसला जात नाही, आणि मला यातली सर्वांत मनोहर गोष्ट हीच वाटते. हायड्रोजनीकरणात उष्णता बाहेर पडते. ५४ ग्रॅम पहिल्या ब्युटाइनचे ब्युटेन करताना सुमारे २९२ किलोज्यूल उष्णता निघते, आणि तितक्याच दुसऱ्या ब्युटाइनपासून सुमारे २७५. दोन वाटसरू घाटावरून एकाच गावी उतरले. एकजण अधिक उंचावरून आला होता, हे त्याच्या उतरणीवरून कळावे, तसे हे आहे. फरक फक्त १७ किलोज्यूलचा, म्हणजे एक लिटर पाणी चार अंशांनी कोमट होईल इतका. पण त्यावरून दुसरा ब्युटाइन अधिक स्थिर आहे हे निर्विवाद ठरते.

या विद्येचा उगमही एका अल्काइनपाशीच आहे. १८९६ साली हेन्री म्वासाँ आणि शार्ल मूरो यांनी पॅरिसमध्ये बारीक निकेलवरून ॲसिटिलीन सोडला. धातू तापून लाल झाला, काजळी धरली, आणि जो वायू बाहेर आला तो बहुतांशी उज्ज असावा असे त्यांना वाटले. तुलूझचे पॉल साबातिए यांना ते पटेना. त्यांनी आपले सहकारी सांदरां यांच्यासह ॲसिटिलीनऐवजी एथिलीन घेऊन तसाच प्रयोग करून पाहिला. वायूत इथेन सापडला. म्हणजे निकेलने एथिलीनमध्ये उज्ज भरला होता! पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, त्यांनी एथिलीन आणि उज्ज मुद्दाम निकेलवरून सोडून इथेन मिळवला. १९१२ साली साबातिए यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या दोघांपुढे तेच ताट वाढलेले होते; पण त्यांनी वायूची पुरती पारख केली नाही.

१९०२ साली जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी हीच युक्ती पातळ तेलांना लावली, आणि १९३२ पासून मुंबईत शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप होऊ लागले. पुढे पिवळ्या डब्यांतला डालडा घरोघर गेला. डबा रिकामा झाला की त्यात डाळ, पीठ, किंवा तुळस; मध्यमवर्गीय घरातला तो अमर पाहुणा होता. त्याच्या पोटात काय घडत होते ते पाहण्यासारखे आहे. तेलात द्विबंध असतात. द्विबंधाच्या जागी साखळी फिरू शकत नाही. त्यास आपण घराचा उंबरठा समजू. साखळीचे दोन्ही तुकडे उंबरठ्याच्या एकाच बाजूस असतील तर त्या रचनेस सिस म्हणतात. एक अंगणात आणि दुसरा माजघरात असेल तर ट्रान्स. निसर्गातील तेलांत बहुतेक द्विबंध सिस असतात. त्यामुळे साखळी वाकलेली राहते, रेणू एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत आणि तेल पातळ राहते. कारखान्यात उज्ज अर्धवटच भरत, कारण पुरता भरला तर मेणासारखा घट्ट गोळा होईल. पण निकेलच्या पृष्ठावर द्विबंध एकदा उज्ज घेतो आणि पुन्हा सोडतो. या देवघेवीत कित्येक सिस बंध ट्रान्स होऊन बाहेर पडतात. साखळी सरळ झाली, रेणू नीट रचले गेले, तूप रवाळ झाले, गृहिणी संतुष्ट झाली. हे ट्रान्स स्निग्ध पदार्थ हृदयास घातक आहेत हे शास्त्रज्ञांच्या ध्यानी यावयास पुढे अनेक दशके लागली. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्य तेला-तुपांत त्यांचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. थांबायचे तर कोठे आणि कसे, याचा विचार निकेलला नसतो. तो माणसाने करावा लागतो.

पण त्याच डब्यात या विद्येचे दुसरे, अधिक शहाणे रूपही होते. वनस्पतीत अ जीवनसत्त्व मिसळणे आपल्याकडे कायद्याने आवश्यक ठरले; एका ग्रॅमला निदान २५ आंतरराष्ट्रीय एकके. कारखान्यात हे जीवनसत्त्व करण्याची रीत स्वित्झर्लंडातील बाझल येथे ऑटो इस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये सिद्ध केली. या रीतीत एका त्रिबंधाचा द्विबंध करावा लागतो आणि तेथेच थांबावे लागते. एक पाऊल पुढे गेले तर जीवनसत्त्व हाती लागत नाही. थांबण्याची ही युक्ती हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. त्यांनी चुनखडीच्या पुडीवर पॅलेडियम बसवला आणि त्यावर शिशाच्या क्षाराचा व क्विनोलीनचा सौम्य विषप्रयोग केला. रसायनशास्त्रात विष हा शब्द असा निरुपद्रवीपणे वापरतात. खोडकर गुराच्या गळ्यात लोढणे बांधतात ना, तसे हे शिसे. गुराने चरावे, पण कुंपण ओलांडून धावू नये.

पण लोढण्याने सगळे होत नाही. खरी राखण त्रिबंध स्वतःच करतो. लग्नाच्या पंगतीचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. पाट मोजके आहेत. पहिल्या पंगतीचे मानाचे पाहुणे, म्हणजे अल्काइन, आले की पाट त्यांचेच. धातूला ते घट्ट चिकटतात. एक घास उज्ज खाऊन जो उठला तो झाला अल्कीन. त्याला पुन्हा बसावयाची इच्छा असते, पण जोवर मानाचे पाहुणे रांगेत आहेत तोवर त्याला पाट मिळत नाही. म्हणून अर्ध्या वाटेवर क्रिया आपोआप संथ होते. मात्र शेवटचा पाहुणा उठला की पाट रिकामे होतात, आणि तेच अल्कीन दुसऱ्यांदा पंगतीला बसतात. विद्यार्थिदशेत एका प्रयोगशाळेत मला हा धडा मिळाला. उज्जाची नळी किती उतरली हे पाहत बसण्याचा कंटाळा येऊन मी चहाला गेलो. परत आलो तो नळी हव्या त्या खुणेच्या कितीतरी खाली; आठवडाभर खपून केलेल्या अल्काइनचा निव्वळ अल्केन झाला होता. त्या दिवसापासून मी चहा प्रयोगाच्या टेबलाशेजारीच घेऊ लागलो. तेही नियमाविरुद्धच होते म्हणा.

आणखी एक नाजूक गोष्ट. धातूच्या पृष्ठावर दोन्ही उज्ज एकाच बाजूने, खालून, येऊन बसतात. त्यामुळे साखळीची दोन्ही टोके एकाच अंगास वळतात आणि अल्कीन सिस होतो. मघाच्या आपल्या दुसऱ्या ब्युटाइनपासून लिंडलारच्या रीतीने सिस-ब्युटीन मिळतो. ट्रान्स हवा असेल तर धातूची पूड सोडून, द्रवरूप अमोनियात सोडियम विरघळवून निराळ्याच मार्गाने जावे लागते. वनस्पतीच्या कारखान्यात जे नकळत उलटे होत होते, ते येथे मागणीप्रमाणे करता येते.

या विद्येचा अभ्यास आपल्या पुण्यातही झालेला आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तेथे रघुनाथ चौधरी यांनी जर्मन सहकाऱ्यांसह ब्युटाइनडायॉल या पदार्थाच्या हायड्रोजनीकरणाची गती मोजून १९८७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. ब्युटाइनडायॉल म्हणजे आपला दुसरा ब्युटाइनच; फक्त त्याच्या दोन्ही टोकांना अल्कोहोलचा एकेक गट बसवलेला. तो ॲसिटिलीन आणि फॉर्मॅल्डिहाइड यांच्यापासून करतात. चौधरी, चंद्रशेखर रोडे आणि त्यांचे सहकारी यांनी पुढेही हे काम चालू ठेवले, आणि २००१ च्या सुमारास असे दाखवले की पॅलेडियमबरोबर थोडा अमोनिया असला की अवांतर पदार्थ जवळजवळ होत नाहीत. क्रिया ब्युटीनडायॉलपाशी थांबते. प्रतिक्रियेचा वेग, उज्ज वायू द्रवात विरघळण्याचा वेग, भांड्यातल्या रवीचे फेरे, या सर्वांचे आकडे मांडावे लागतात. कारण चहाच्या पेल्याएवढ्या भांड्यात जे साधते ते टनाच्या भांड्यात साधेलच असे नाही.

एवढी यातायात कशासाठी? सिस-ब्युटीनडायॉलपासून ब-६ जीवनसत्त्व करतात. आणि त्यापासूनच एंडोसल्फान हे कीटकनाशकही करीत असत. कापसावर ते आपल्या देशात सर्रास फवारले जाई. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर विमानातून झालेल्या फवाऱ्यानंतर तेथील लोकांना ज्या व्याधी जडल्या त्यांची कहाणी आपण वाचली असेल. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या द्रव्याचे उत्पादन, विक्री आणि वापर यांस देशभर मनाई केली. एकाच रेणूच्या एका वाटेवर जीवनसत्त्व आणि दुसऱ्या वाटेवर हे. पाषाणच्या आकड्यांत याचा दोष शोधू नये. पण कारखान्याचा माल पुढे कोणाच्या शेतात जातो हे रसायनज्ञाने विचारू नये, असेही मला वाटत नाही.

घरातल्या भगिनींना जवळचे असे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. आंबे आणि केळी पिकवण्यासाठी काही व्यापारी कार्बाईडच्या पुड्या ठेवतात. पुसेगावच्या त्या दुकानात फाळ सांधणारा ॲसिटिलीनच तेथे फळाला फसवीत असतो. फळ स्वतःस पिकवण्यासाठी जो वायू निर्माण करते तो एथिलीन. म्हणजे ॲसिटिलीनमध्ये उज्जाचे दोन अणू भरले आणि अर्ध्या वाटेवर थांबले की जे होते तेच. ॲसिटिलीन त्याची नक्कल करतो, पण फार ओबडधोबड; म्हणून तो पुष्कळ लागतो, साल पिवळी होते, गर कच्चा राहतो, आणि कार्बाईडबरोबर आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश येतात. कार्बाईडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. एथिलीन वायू दहा लाखांत शंभर भागांपर्यंत वापरण्यास परवानगी आहे. वसमत-अर्धापूरच्या बाजूची केळी आपल्या बाजारात येतात. ती कोणत्या वायूने पिकवली हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. सालीवर एकही तपकिरी ठिपका नाही, देठ हिरवागार आणि साल मात्र एकसारखी पिवळी, अशा केळ्याविषयी मी तरी साशंक असतो.

हाच एथिलीन रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या कारखान्यात, मुंबईजवळच्या समुद्रातील नैसर्गिक वायूपासून करण्याची योजना झाली. त्या तप्त भट्ट्यांतून एथिलीनबरोबर थोडा ॲसिटिलीनही निघतोच. पुढे एथिलीनचे पॉलिथीन करावयाचे असते, आणि त्या कामाचा उत्प्रेरक इतका नाजूक असतो की दहा लाखांत काही थोडे भाग ॲसिटिलीनही त्याला सोसत नाही. म्हणून अशा कारखान्यांत वायू चांदी मिसळलेल्या पॅलेडियमवरून नेतात. ॲसिटिलीनचा एथिलीन झाला पाहिजे, पण एथिलीनचा इथेन होता कामा नये. त्रिबंधाचा अंश शोधून फक्त त्यालाच वाढावयाचे, आणि शेजारी बसलेल्या शेकडोपट एथिलीनला हात लावावयाचा नाही. प्रोपिलीनच्या प्रवाहात तर दोन समघटक एकत्र येतात. तीन बोटे धरा: एका फटीत त्रिबंध ठेवला तर प्रोपाइन, दोन्ही फटींत द्विबंध ठेवले तर प्रोपाडाइन. अणू तेच, तितकेच. दोघांनाही त्याच पॅलेडियमवर प्रोपिलीनपर्यंत आणून सोडतात, आणि तेथे पुन्हा ते दोघे एकरूप होतात.

पुसेगावाहून निघताना माझ्या स्नेह्यांनी मला आपल्या शेतात नेले. हळदीच्या गादीवाफ्यांवर काळ्या ठिबक नळ्या अंथरलेल्या होत्या. छिद्राछिद्रातून थेंब गळत होता. नळी पॉलिथीनची होती. तिच्यावर कारखान्याचे नाव होते, जाडी होती, महिना आणि साल होते. पत्ता पूर्ण होता.